टिग वेल्डिंग मशिनचा वायरलेस रिसीव्हर: दहा महिन्यांनंतरचा अनुभव आणि एका टोपणाची तक्रार

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून हाकेच्या अंतरावर आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. कामाचा मोठा भाग मासेमारी नौकांवरच्या स्टेनलेस स्टीलचा असतो: रेलिंग, डिझेलच्या टाक्या, बर्फाच्या कप्प्यांचे अस्तर. हे जोडकाम टिग वेल्डिंगने होते, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणात विजेच्या ठिणगीने (आर्कने) धातू वितळवून, आणि करंट पायाखालच्या पेडलने कमीजास्त करतात. नौकेवर चढून काम करताना पायपेडलची लांब केबल जाळ्यांत आणि दोरखंडांत अडकत असे, म्हणून वायरलेस पेडल घेतले. मशिनच्या 14 पिनांच्या सॉकेटात रिसीव्हर बसतो आणि पेडल त्याला पायाखालून रेडिओने आज्ञा देते. एवढे सांगून थेट बिघाडाकडे येतो.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस हे दुखणे सुरू झाले. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि सगळ्या नाखवांना दुरुस्ती एकाच वेळी हवी असते. नेमक्या त्या दिवसांत दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर साठेक अँपिअरने काम चालू असताना करंट मध्येच मंदावे, पुन्हा उसळी घेई आणि जोड संपवताना पाय हळूहळू सोडण्याआधीच आर्क विझे. असा आर्क विझला की टोकाला खड्डा पडतो आणि खड्ड्यात सुईच्या अग्राएवढे भोक राहते. दोन टाक्यांत हवा भरून साबणाचे पाणी लावले, तर दोन्हींवर बुडबुडे आले. दोन्ही माझ्या पदरच्या आर्गॉनने पुन्हा जोडाव्या लागल्या.

सर्व्हिस सेंटरने मशिन न पाहता फोनवरच निदान केले, की कंट्रोल कार्ड (मशिनमधला करंट सांभाळणारा सर्किट बोर्ड) गेले आहे. कार्डाची किंमत ऐकून मी फोन ठेवला. आर्क पेटवणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे अतिवेगाने बदलणाऱ्या विजेचा, रेडिओ गोंगाट रिसीव्हरला बाधतो, हा दुसरा संशय होता. परंतु स्टेनलेसचे काम डीसीवर चालते आणि आमच्या मशिनमध्ये आर्क लागल्यावर हाय फ्रिक्वेन्सी थांबते. आमचा घोटाळा तर आर्क चालू असताना, जोडकामाच्या मध्येच होत होता. उरला रिसीव्हर. कुरिअरसह 18,500 रुपये मोजून नवा मागवला.

बदलण्याचे काम सोपे आहे. मेन स्विच बंद करून काही मिनिटे थांबायचे, प्लगची कडी फिरवून जुना काढायचा, खाच जुळवून नवा बसवायचा आणि पेडलशी त्याची जोडणी करायची. दहा मिनिटांत काम झाले. जून आणि जुलै असे गेले की मी भेटेल त्याला या रिसीव्हरची शिफारस करत होतो. नौकेच्या पोटात, इंजिनरूममध्ये पेडल नेले तर लोखंडी भिंतींमुळे संपर्क तुटतो, हे खरे. पण संपर्क तुटताच करंट बंद होतो आणि तेच योग्य आहे.

तक्रार होती ती टोपणाची. मशिनच्या सॉकेटाला मुळात साखळीचे टोपण होते, ते कधीतरी हरवले. नव्या रिसीव्हरबरोबर ते येईल अशी माझी भाबडी समजूत होती. आले नाही. सर्व्हिस सेंटरला तीन वेळा फोन केल्यावर उत्तर मिळाले की टोपण सुटे मिळत नाही, सॉकेटाची पूर्ण जुळणी घ्यावी लागेल. साडेअठरा हजारांच्या वस्तूसोबत रबराची एक टोपी देणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी समुद्रकाठच्या गिऱ्हाइकांना माल विकूच नये, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. हा हट्ट घरच्यांना अतिरेकी वाटला. मलाही थोडा वाटला होता.

ऑगस्टमध्ये तोच बिघाड नव्या रिसीव्हरसह परतला. मग, जे मे महिन्यातच करायला हवे होते, ते केले: प्लगची मागची बाजू उघडून मल्टिमीटर लावला. मशिन पेडलच्या दिशेने 10 व्होल्ट पाठवते आणि पाय जितका दाबला जाईल त्या प्रमाणात 0 ते 10 व्होल्ट परत घेते. पाठवलेले दहा पुरे होते. परतीची मात्रा, पेडल पूर्ण दाबले तरी, सहाच्या आसपास अडकत होती आणि प्लग हलवला की बदलत होती. रिसीव्हरचा दिवा या सर्व वेळात स्थिर होता, म्हणजे रेडिओचा संपर्क तुटतच नव्हता. जुन्या रिसीव्हरचा दिवाही मे महिन्यात असाच स्थिर होता आणि मी त्याकडे पाहूनही पाहिले नव्हते.

प्लग काढून बॅटरीच्या उजेडात सॉकेट पाहिले. पितळेच्या भांड्यात ताक राहिले तर ते जसे कळकते, तशा टोपणाविना खारी हवा लागून मशिनच्या पिना हिरव्या झाल्या होत्या. नव्या रिसीव्हरने आपल्या बाजूच्या स्वच्छ जोडणीमुळे दोन महिने वेळ मारून नेली, एवढेच. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश आणि डायइलेक्ट्रिक ग्रीसची (जोडणीला ओल लागू न देणाऱ्या ग्रीसची) ट्यूब असा 740 रुपयांचा खर्च झाला. त्यानंतर आजतागायत करंट एकदाही डळमळला नाही.

मग जुन्या रिसीव्हरचा प्लगही साफ करून लावून पाहिला. तोही उत्तम चालला. त्या दिवशी मी कोणाशी फारसा बोललो नाही.

म्हणून आधीचे मत बदलतो: नवा रिसीव्हर चांगला आहे, पण मला त्याची गरज नव्हती, आणि कार्डाची तर मुळीच नव्हती. टोपणाबद्दलचे मत मात्र बदललेले नाही, उलट घट्ट झाले आहे. आता रोज संध्याकाळी रिसीव्हर काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवतो आणि सॉकेटावर टोपण बसवतो. हे टोपण मिरजोळे एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने नायलॉनच्या सळईतून काढून दिले, आत ओ-रिंगसह (हवाबंद बसण्यासाठीच्या रबरी कड्यासह), 120 रुपयांत. सळई उरली होती म्हणून त्याने आणखी तीन काढली. ती शेजारच्या वर्कशॉपवाल्यांनी त्याच दिवशी नेली.