टाइमर रिले मॉड्यूल बेदाण्याच्या शेडवर: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची बाग तासगावच्या पुढं आहे आणि राहायला मी सांगलीत, विश्रामबागला. मध्ये गाडीनं पाऊण तास. द्राक्षाचा हंगाम संपत आला की शेडमध्ये रॅकवर बेदाणा पडलेला असतो, आणि ते दहा-पंधरा दिवस झोप अर्धीच लागते. मागच्या वर्षी विहिरीवरची तांब्याची केबल कापून नेली होती. त्यामुळं शेडला चार झोनचा, म्हणजे चार वेगळ्या जागांवर लक्ष ठेवणारा, जुना अलार्म पॅनेल बसवला. एका ओळखीच्या दुकानदाराचं दुकान बंद झालं, त्याच्याकडून तो स्वस्तात मिळाला होता.

पॅनेल चांगला आहे, पण एक खोड आहे. एकदा वाजला की किल्ली फिरवेपर्यंत गप्प बसत नाही. किल्ली माझ्या खिशात, मी सांगलीत. चोर पळून जाईल, पण बाजूच्या वस्तीवरची म्हातारी माणसं कुठं जाणार? म्हणून डिसेंबरात साडेतीनशे रुपयांना एक, अशी दोन टाइमर रिले मॉड्यूल घेतली. एक सायरनला, एक फ्लडलाइटला.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. काडेपेटीपेक्षा जरा मोठी पट्टी, वर तीन आकड्यांचा लाल डिस्प्ले, चार बटणं, एक निळा रिले, म्हणजे विजेनं ओढला-सोडला जाणारा स्विच. ६ ते ३० व्होल्ट डीसीवर चालते. एका बाजूला सप्लाय आणि ट्रिगर (मोजायला लाग असा इशारा), दुसऱ्या बाजूला कॉम, एनओ, एनसी असे तीन स्क्रू. कॉम हा सामाईक, एनओ त्याला एरवी तुटलेला आणि रिले ओढला की जुळणारा, एनसी त्याच्या उलट. ट्रिगर मिळाला की ठरवलेल्या वेळेपुरता रिले ओढायचा आणि सोडायचा, एवढंच तिचं काम. लोक गैरसमजानं घेतात म्हणून आधीच सांगतो, हे घड्याळ नाही. संध्याकाळी सात वाजता दिवा लाव, सकाळी सहाला बंद कर, हे याला जमत नाही. त्यासाठी आत घड्याळ आणि सेल असलेला टाइम स्विच मिळतो, तो वेगळा. हे फक्त मिनिटं-सेकंद मोजतं.

सेटिंग एकदा हाताला बसलं की सोपं आहे. सेट बटण दोन सेकंद दाबून सोडायचं, मोड लुकलुकतो, वर-खाली करून निवडायचा. मग सेट टिचकीसारखं दाबलं की ओपी म्हणजे चालू राहायचा वेळ, सीएल म्हणजे बंद राहायचा वेळ आणि एलओपी म्हणजे किती फेऱ्या, हे एकामागून एक येतात. शेवटी पुन्हा सेट दोन सेकंद. लाईट गेली तरी सेटिंग पुसलं जात नाही. नऊ महिन्यांत शंभरदा तरी सप्लाय गेला असेल, एकदाही विसरलं नाही.

घोळ आहे तो टिंबांत. स्टॉप बटण दाबलं की आकड्यांमधलं टिंब सरकतं, आणि त्या टिंबावर एकक ठरतं. टिंब शेवटी असेल तर सेकंद. एका घरानं आत असेल तर सेकंदाचा दहावा भाग. आणि तिन्ही आकड्यांच्या बुडाशी टिंबं पेटली की मिनिटं. मी घरी टेबलावर ५ सेकंद लावून सगळं तपासलं, खूश झालो. शेडवर गेल्यावर तीन मिनिटांसाठी १८० केलं. करताना स्टॉपला कधी बोट लागलं, कळलं नाही. शेडमध्ये अंधार, चष्मा गाडीत. तीन टिंबं दिसलीच नाहीत.

चौथ्या दिवशी रात्री एकला आबांचा फोन. बाजूच्या वस्तीवरचे, नात्यानं चुलते लागतात.

“काय रं, झोपू देणार हैस का न्हाई? अर्धा तास झाला कोकलतंय तुझं ते.”

“आबा, तीन मिनिटांत बंद होतंय ते.”

“तीन मिन्टं? सांगलीत घड्याळ येगळं हाय का तुमचं?”

मी पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. १८० मिनिटं म्हणजे तीन तास वाजायचं होतं ते. आबा शेडच्या दारात कानाला मफलर गुंडाळून उभे, हातात कोयता. चोर नव्हताच, मांजर रॅकवर चढलं होतं. तर माझा पहिला सल्ला असा की टेबलावरच्या पाच सेकंदांवर विश्वास ठेवू नका. खरा वेळ लावा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन तो पूर्ण जाऊ द्या. नंतर मी दहा मिनिटं लावून मोजलं तर दीड-एक सेकंदाचा फरक निघाला. आपल्या कामाला एवढा नेमकेपणा पुष्कळ झाला.

सायरनची जोडणी अशी केली. पॅनेलचा सायरन आउटपुट आधी थेट हॉर्नला जात होता, तो सोडवून मॉड्यूलच्या ट्रिगरला दिला. हॉर्नला लागणारा करंट बॅटरीवरून, २ अँपिअरच्या फ्यूजमधून कॉमला आणि एनओवरून हॉर्नला. मोड पी-१.१, म्हणजे एकदा मोजायला लागला की मधले ट्रिगर मोजणीत धरत नाही. इथं एक गोष्ट तपासून घ्या. माझ्या पॅनेलचा आउटपुट किल्ली फिरवेपर्यंत चालूच राहतो, म्हणजे ट्रिगरवर कायम १२ व्होल्ट. अशा वेळी काही मॉड्यूल वेळ संपला की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. माझं तसं करत नाही. पण ही ‘चिनी’ मालाची लॉटरी आहे, पुढच्या खेपेला त्याच फोटोतली वेगळी वस्तू येऊ शकते. हॉर्नच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) उलटा लावला, पट्टी असलेली बाजू प्लसला. तो नसताना हॉर्न बंद होताना डिस्प्ले झपकन विझून पुन्हा यायचा. दोन रुपयांचा डायोड, तो लावल्यावर झपकणं थांबलं.

फ्लडलाइटचं प्रकरण जास्त रंगलं. शेडच्या मागच्या बाजूला पीआयआर सेन्सर आहे, हालचाल दिसली की दोन फ्लडलाइट लागायला हवेत. मला वाटलं, सेन्सरच्या रिलेतून १२ व्होल्ट ट्रिगरला द्यायचे, झालं. केलं, तर कोणी नसताना दिवे चालू. आणि मी समोरून चालत गेलो की ट्रिगरचा दिवा विझायचा. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की सेन्सरचा काँटॅक्ट एनसी असतो. एरवी जोडलेला, हालचाल दिसली की तुटतो. अलार्मचे सेन्सर असे उलटे का असतात, याचं उत्तर सोपं आहे. चोरानं तार कापली तरी काँटॅक्ट तुटतोच, आणि पॅनेलला कळतं.

मग उलट बाजूनं जोडलं. १२ व्होल्टवरून १ किलोओहमचा रेझिस्टर ट्रिगरच्या प्लसला, आणि सेन्सरचा काँटॅक्ट ट्रिगरच्या प्लस-मायनसमध्ये. शांत असताना काँटॅक्ट ट्रिगरला मायनसशी बांधून ठेवतो, ट्रिगर शून्य. हालचाल झाली की काँटॅक्ट सुटतो आणि रेझिस्टरमधून प्लस येतो. रेझिस्टर अर्ध्या वॅटचा घ्या. त्यातून दिवसरात्र १२-१४ मिलिअँपिअर वाहतात. पाव वॅटचा जळणार नाही, पण हाताला गरम लागत होता, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलात आधीच काय कमी ऊन असतं?

मोड पी-४ ठेवला. यात सिग्नल असेपर्यंत रिले ओढलेला राहतो आणि सिग्नल गेल्यावर ओपीचा वेळ मोजून सुटतो. मी चार मिनिटं ठेवलीत. मार्चमध्ये एका रात्री दिवे विझेचनात. सकाळी पाहिलं तर उंदरानं सेन्सरची तार कुरतडली होती. सेन्सरचा काँटॅक्ट एनओ असता आणि पहिल्यासारखा सरळ जोडला असता, तर तार तुटल्यावर दिवे कायमचे मेले असते आणि मला पत्ता लागला नसता. हे मॉड्यूल बसवताना मी आता दर स्क्रूपाशी एकच प्रश्न विचारतो, ही तार तुटली तर काय होईल? सायरनच्या बाबतीत याचं उत्तर अजून मला आवडत नाही. मॉड्यूलच मेलं तर एनओ जुळणार नाही आणि हॉर्न वाजणार नाही. पूर्वी पॅनेल आणि हॉर्नच्या मधे काही नव्हतं, आता साडेतीनशे रुपयांची पट्टी आहे. म्हणून दर रविवारी गेलो की झोन उघडून मुद्दाम वाजवून बघतो. आबांना आधी सांगून.

आता मोठ्या बिघाडाचं सांगतो. एप्रिलच्या मध्यावर फ्लडलाइट पुन्हा विझेनात. उंदीर समजून तार तपासली, तार धडधाकट. डिस्प्ले सांगत होता रिले बंद, रिलेचा छोटा दिवाही बंद, आणि बाहेर दोन्ही फ्लडलाइट ढणढणीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्या निळ्या डबीवर हळूच टकटक केलं, टिक आवाज झाला आणि दिवे गेले. काँटॅक्ट चिकटले होते.

डबीवर १० अँपिअर २५० व्होल्ट छापलंय. माझे दोन फ्लडलाइट ५० वॅटचे, दोन्ही मिळून चालू असताना अर्धा अँपिअरही घेत नाहीत. मग चिकटले कसे? एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर असतो. दिवा लागतो त्या क्षणी तो रिकामा असतो आणि एका झटक्यात भरतो. त्या झटक्याचा करंट चालू करंटच्या कित्येक पट असतो. डबीवरचा आकडा हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतो, या झटक्यासाठी नाही. रात्रीत वटवाघळं, कुत्री, वारा मिळून वीस-तीस वेळा दिवे लागत होते. दर वेळी छोटी ठिणगी, आणि एक दिवस वेल्डिंग झालं. आता मॉड्यूल फक्त काँटॅक्टरची, म्हणजे जड लोडसाठीच्या मोठ्या रिलेची, कॉइल चालू-बंद करतं आणि दिवे काँटॅक्टरवर आहेत. जुन्या स्टार्टरमधला काँटॅक्टर पडून होता, तोच लावला. रात्री त्याचा खाट्‌ आवाज येतो, आणि बिनकामाच्या माणसाला पळवायला दिव्याआधी तोच पुरतो.

२३० व्होल्टचं काम ज्याला सवय नाही त्यानं वायरमनला बोलवावं. या पट्टीवर १२ व्होल्टचे आणि २३० व्होल्टचे स्क्रू बोटाच्या अंतरावर आहेत, आणि खालचे सोल्डर उघडे. मी पहिल्या आठवड्यात ती पट्टी नुसती पॅनेलच्या डब्यात सोडली होती, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आता प्लास्टिकच्या बंद डब्यात, खाली चार स्पेसरवर आहे.

डब्याची आणखी एक गरज पडली, ती आमच्या धंद्यामुळं. बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्या धुराला शेडमध्ये ओल मिळाली की तांब्याचं वाटोळं होतं. हंगामानंतर टर्मिनल उघडली तर तारांच्या टोकांवर काळपट-हिरवा थर, बोटानं चोळला तरी जाईना. टोकं कापून नवीन सोलली, स्क्रू आवळले. आता पॅनेल आणि दोन्ही मॉड्यूल धुरीच्या खोलीपासून लांब, बाहेरच्या भिंतीवर हलवलीत. भोकांना सिलिकॉन भरलाय आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात. कोंबड्यांचं शेड असेल तरी हेच करा, तिथं अमोनिया असतो.

डिस्प्ले रात्री लाल चमकायचा, बंद डब्यातूनही उजेड दिसायचा, म्हणजे इथं काहीतरी आहे हे चोराला आपणच दाखवायचं. त्यात स्लीपचं सेटिंग आहे, पाच मिनिटांनी आकडे विझतात. ते पहिल्याच दिवशी चालू करा. बॅटरी ७ अँपिअर-अवरची आहे. पॅनेल, तीन सेन्सर, दोन मॉड्यूल मिळून सुमारे १५० मिलिअँपिअर ओढतात. कागदावर चाळीसच्या वर तास येतात, दोन वर्षं जुन्या बॅटरीकडून त्याच्या निम्मे धरा. वळवात एकदा सलग १९ तास लाईट नव्हती, तेवढं निभावलं. दिवे अर्थात मेनवरचे, ते गेलेच होते.

चोरी झाली का? नाही. मॉड्यूलमुळं नाही झाली असं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही. मांजर मात्र आता रॅकवर चढत नाही.

आबांचा राग कधीच गेला. गेल्या आठवड्यात त्यांच्या विहिरीवरच्या मोटर-घराला असंच बसवून दे म्हणाले. सेन्सर त्यांच्याकडं, दिवा त्यांच्याकडं, पण हॉर्न मात्र माझ्या शेडवर लावायचा, कारण त्यांना झोप लागायला हवी. दोनशे फूट तरी तार लागेल. ती मोटरच्या केबलला चिकटून टाकली तर स्टार्टर ओढला की खोटे ट्रिगर येतील, म्हणून वेगळ्या पाइपातून न्यावी लागेल. छाटणीच्या आधी चर खणून मिळाला तर बघू.