गावच्या लाइनवर रायझेन ५६००जी

कमी पैशात गेमिंग पीसी जोडायचा म्हटलं की पोरं आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात आणि उरलेल्या पैशात बाकीचं कोंबतात. यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीकडच्या खेड्यात हा हिशेब उलटा मांडावा लागतो: आधी लाइन, मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), मग बाकी सगळं. अशा बजेटमध्ये एएमडीचा २०२१ सालचा प्रोसेसर रायझेन ५ ५६००जी अजूनही चोख बसतो. ग्राफिक्स त्याच्या पोटातच आहे, त्यामुळे कार्डाचे पैसे वीज सांभाळायला उरतात.

सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट, आणि प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर डब्यातच मिळतो. व्हॅलोरंट १०८० पिक्सेलवर कमी सेटिंगला सेकंदाला १०० फ्रेमच्या वर चालतो, जीटीए ५ नॉर्मल सेटिंगला साठच्या आसपास. सायबरपंकसारख्या गेमला मात्र ७२० वर उतरूनही तिसेक फ्रेमवर समाधान मानावं लागतं. तेच खेळायचं असेल तर हा प्रोसेसर घेऊच नका. मोबाइलचे गेम एम्युलेटरवर खेळायचे असतील तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एसव्हीएम (व्हर्च्युअलायझेशन) चालू करा, नाहीतर एम्युलेटर रखडतो आणि दोष प्रोसेसरला मिळतो. ५६००जीटी म्हणजे जवळपास हाच माल, स्वस्त मिळाला तर खुशाल घ्या. ८६००जीचं ग्राफिक्स खरंच चांगलं आहे, पण त्याला बोर्ड नवा आणि रॅम डीडीआर५ लागते; तिथं बजेट फाटतं.

नावातला ‘जी’ नीट वाचा. ५५०० आणि नुसता ५६०० यांच्यात ग्राफिक्स नसतं. कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहते. बोर्ड ए५२० पुरतो. जुन्या साठ्यातला बी४५० असेल तर बायोस अपडेट केल्याशिवाय तो हा प्रोसेसर ओळखणार नाही, म्हणून दुकानातच डिस्प्ले आलेला पाहून मग पेटी बांधा. नागपूर-अमरावतीला एसटीनं परत जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला.

सगळ्यात जास्त चूक रॅममध्ये होते. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच घेतं. १६ जीबीची एकच काडी लावली तर येण्याजाण्याचा रस्ता अर्धा होतो आणि फ्रेम धाडकन पडतात. ८-८ जीबीच्या दोन, ३२०० वेगाच्या. चार खाचांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मग बायोसमध्ये रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी चालू करा. ते राहिलं तर रॅम २१३३ किंवा २४०० वरच रेंगाळते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले तेव्हापासून ‘दुसरी काडी नंतर घेऊ’ असं फार ऐकू येतं. ‘नंतर’ करायचंच असेल तर एसएसडी लहान घ्या, काडी नको.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत जो हलका डबा येतो, ज्यावर नुसतंच ‘४५० वॉट’ लिहिलेलं असतं, तो घेऊ नका. ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का) असलेला ४५० वॉट पुरे, पण लेबलवर इनपुट व्होल्टेज वाचा. काहींवर २००-२४० लिहिलेलं असतं, काहींवर १००-२४०. उन्हाळ्यात सात वाजता घरोघरी कूलर लागले की डीपीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज १७० वर येतं. तिथं पहिल्या जातीचा गेम चालू असतानाच रीस्टार्ट मारतो. दुसरा जास्त करंट ओढून निभावतो.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी लावणार असाल तर तो प्योर साइनवेव्ह हवा आणि मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर. साध्या मोडमध्ये लाइन गेल्यावर बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात पीसी बंद. यूपीएस मोडचीही एक खोड आहे: व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तो लाइन असतानाही बॅटरीवर जातो, मग रात्री पंख्यापुरतीही बॅटरी उरत नाही. ६०० व्हीएचा वेगळा यूपीएस दहाएक मिनिटं देतो; गेम सेव्ह करून बंद करायला तेवढं बस.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसी बिघडलेला नाही, घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर थोडी गळती अर्थिंगकडे सोडतो. तिला वाट नसली की ती पत्र्यावर राहते. तीन पिनच्या जागी दोन पिनचा जुगाड करू नका, वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घ्या.

पुढं कार्ड लावायचं मनात असेल तर एक मर्यादा: ५६००जी पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) ३.० वरच चालतो. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला त्या रस्त्याच्या चारच लेन, म्हणून ते इथं गुदमरतं. आठ लेनचं, ८ जीबीचं आरएक्स ६६०० चालतं आणि तेच ४५० वॉट त्यालाही पुरतात.

नवतपात खोलीच ४२ अंशांवर असते, तिथं डब्यातला कूलर प्रोसेसरला ८५ च्या घरात ठेवतो. मर्यादा ९५ ची आहे, घाबरू नका. पण समोर काच असलेलं कॅबिनेट टाळून जाळीचं घ्या. पाण्याच्या कूलरची हवा थेट पीसीवर सोडू नका, तुषारांतले क्षार बोर्डावर बसतात. दिवाळीनंतर कापूस घरात असतो तेव्हा तंतू हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा, पंखा बोटानं धरून. प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायला कूलर काढाल तेव्हा आधी दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलका पिळत उचला. थंड असताना सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.