आमचं नाव शोधलं, फोन दुसऱ्यानेच उचलला

एका जुन्या ग्राहक बाईंचा फोन आला तोच चिडून. "तुमचा माणूस परवा येऊन गेला, पैसे घेतले, आणि मशीन पुन्हा बंद! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं." वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्तीचं काम मी चौदा वर्षं करतोय. कोण कुठल्या घरी गेलं ते रोज वहीत लिहिलं जातं. त्या दिवशीच्या पानावर बाईंचं नाव नव्हतं. नंबर कुठून घेतलात, म्हणून विचारलं. "गूगलवर तुमचंच नाव टाकलं. सगळ्यात वर आलं ते दाबलं."

मेख इथेच होती. आमचं नाव टाकलं की आमची वेबसाइट पहिली येते, म्हणून मी निर्धास्त होतो. पहिली येते, पण जाहिराती संपल्यावर. बाईंनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वर बारीक अक्षरात 'प्रायोजित', खाली ठळक मथळ्यात आमचं नाव आणि शेजारी फोनचं बटण. ते दाबलं की थेट कॉल लागतो. वेबसाइट उघडतच नाही, मग शंका येणार कुठून? मी बायकोच्या फोनवरून तो नंबर लावला आणि आमचं नाव घेऊन "तिथूनच बोलताय ना?" म्हणून विचारलं. पलीकडून झोकात उत्तर आलं, "हो हो, बोला ना."

हा आमच्याच धंद्यातला एक प्रतिस्पर्धी निघाला.

दुकानात बसून मी ती जाहिरात शोधली तर दिसेना. दहा वेळा शोधलं, नाहीच. वाटलं, बाईंचाच काही घोळ झाला असेल. मग भाचीला तिच्या घरून शोधायला सांगितलं, तर पहिल्याच फटक्यात दिसली. जाहिरातदाराला ठरावीक भाग वगळता येतो, ठरावीक वेळाच निवडता येतात, हे मला तेव्हा कळलं. शिवाय एकच शब्द पुन्हा पुन्हा शोधून जाहिरातीवर क्लिक केलं नाही, तर ती आपल्याला दिसणं बंदही होऊ शकतं. त्यामुळे स्वतःच्या फोनवर दिसली नाही म्हणून गप्प बसू नका. गूगल अ‍ॅड्सच्या, म्हणजे गूगलवर जाहिराती देण्याच्या सेवेच्या, खात्यात जाहिरात तपासायचं वेगळं साधन असतं, त्यात ठिकाण बदलून पाहता येतं.

माझी एक चूकही सांगतो. जाहिरात सापडल्यावर रागाने मी तिच्यावर पंधरा-वीस वेळा क्लिक केलं. दर क्लिकमागे जाहिरातदाराला पैसे मोजावे लागतात, ते जाऊ देत म्हणून. असे क्लिक अवैध म्हणून गाळण्याची यंत्रणा असते. म्हणजे त्याचं फारसं काही जाणार नव्हतं, आणि पुरावा गोळा करायचा सोडून माझा दिवस मात्र गेला. पहिल्या दिवशी करायचं होतं ते तारीख-वेळेसकट स्क्रीन रेकॉर्डिंग. जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की जाहिरातदाराचं नाव मिळतं. २०२३ पासून गूगलचं 'अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर' आहे, तिथे त्या जाहिरातदाराच्या बाकीच्या जाहिरातीही पाहता येतात.

त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ते सिस्टिम आपोआप करते, आम्ही नाव टाकलेलं नाही." मी जवळजवळ मानलंही. मथळ्यात शब्द आपोआप भरण्याची सोय खरोखरच आहे. पण ती ग्राहकाने टाइप केलेलं जसंच्या तसं उचलत नाही, जाहिरातदाराने स्वतः दिलेल्या कीवर्डच्या, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी त्या शब्दांच्या, यादीतला शब्द उचलते. म्हणजे आपोआप आलं असं धरलं तरी आमचं नाव त्या यादीत कोणीतरी हाताने घातलेलंच होतं.

इथे एक फरक नीट समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखे आठवडे वाया जातील. आपलं नाव नुसतं कीवर्ड म्हणून वापरणं वेगळं आणि जाहिरातीच्या मजकुरात छापणं वेगळं. ट्रेडमार्कची तक्रार केली की गूगल मजकुरातल्या वापरावर बंधन घालू शकतं, कीवर्डवर घालत नाही. न्यायालयांचा कलही साधारण असाच आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असाच प्रश्न तपासला. नुसता कीवर्ड घेतला म्हणून उल्लंघन होत नाही, पण ही सेवा कोणाची असा ग्राहकाचा गोंधळ होत असेल तर दाद मागता येते, असा त्याचा मथितार्थ.

आमचा ट्रेडमार्क नोंदवलेलाच नव्हता. चौदा वर्षं 'करू, करू' म्हणत राहिलो. तरी वकिलांनी वाट दाखवली. वर्षानुवर्षं कमावलेल्या नावाच्या आडून कोणी ग्राहक ओढत असेल, तर नोंदणीशिवायही दावा लावता येतो, त्याला 'पासिंग ऑफ' म्हणतात. त्यासाठी गोंधळ झाल्याचा पुरावा लागतो, आणि तो बाईंनी दिला: स्क्रीनशॉट, कॉलची नोंद आणि त्या माणसाने हातात ठेवलेली पावती. पावतीवर वेगळंच नाव होतं, ते त्यांनी तोवर वाचलंच नव्हतं. नोटीस गेल्यावर काही दिवसांत मथळ्यातून आमचं नाव गेलं. जाहिरात मात्र आमच्या नावाच्या शोधावर अजून येते, त्याच्या स्वतःच्या नावाने.

म्हणून आता मीही आमच्याच नावावर जाहिरात चालवतो. आपल्याच उंबऱ्यावर उभं राहायचं भाडं! जिवावर येतं, पण आपलं नाव आणि आपली वेबसाइट जुळत असल्यामुळे एक क्लिक आपल्याला सहसा प्रतिस्पर्ध्यापेक्षा स्वस्त पडतो. बाईंचं मशीन मी फुकट दुरुस्त करून दिलं. माझा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये मीच साठवून दिला.

जाहिरातीची जागा गूगल लिलावाने देतं. दर सोमवारी गूगल अ‍ॅड्समधला त्या लिलावाचा अहवाल उघडून आमच्या नावावर आणखी कोण बोली लावतंय ते बघतो. या आठवड्यात एका नव्या वेबसाइटचा पत्ता दिसला. त्याचं रेकॉर्डिंग भाचीने कालच पाठवलं.