कॉम्प्रेशन गेज: पावणेदोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीवर वापरून

"रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागणार," असं म्हणून एका वर्कशॉपनं पस्तीस हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. म्हणजे पिस्टनभोवतीच्या, दाब गळू न देणाऱ्या कड्या झिजल्यात, इंजिन खोलून काम करायचं. प्लगसुद्धा काढून बघितले नव्हते. गाडी पेट्रोल-सीएनजी, चार सिलिंडर. सकाळी गार असताना सुरळीत चालायची, पण गरम झाली की कोल्हापुरात दसरा चौकातल्या सिग्नलला थरथरायची आणि करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना पिकअपच घ्यायची नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते, मोजलंत का विचारलं, तर "मालक, आवाजावरनं कळतंय की." पस्तीस हजार काय आवाजावर मोजायचे? मला त्याचा राग आला, तो अजून गेलेला नाही. त्याच रात्री दीड हजाराच्या आतला, स्पार्क प्लगच्या जागी आट्यांनी बसणारा, हाच दाब दाखवणारा गेज मागवला.

मोजायची पद्धत बहुतेकांना माहीत असते, पण त्यातला अर्धा भाग लोक गाळतात. इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन दोन्ही बंद, बॅटरी भरलेली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा. तो सोडला की हवाच कमी आत जाते आणि सगळे आकडे पडतात. काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा. आमचे आकडे आले 165, 160, 105, 160 पीएसआय (दाबाचं एकक).

मॅन्युअलमध्ये 180 लिहिलंय, म्हणून पहिल्यांदा मला चारही सिलिंडर थकल्यासारखे वाटले. आता ते मत राहिलेलं नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथं हवेचा दाब सुमारे सहा टक्के कमी, म्हणजे तो 180 इथं 170 च्या आसपासच भरतो. जुन्या गाडीत बघायचा तो सिलिंडरांमधला फरक. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊणपट तरी हवा. 165 ची पाऊणपट 124 च्या घरात जाते, तिसरा 105 वर अडकलेला.

मग तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं. रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेले असतील तर तेलानं फट बुजते आणि आकडा चांगला वर येतो. आमचा 105 चा 110 झाला, बस्स. म्हणजे रिंगा नाहीत. राहिले व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, नाहीतर हेडचं (इंजिनच्या वरच्या भागाचं) पॅकिंग. पॅकिंग दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटलं असतं तर शेजारशेजारचे दोन आकडे पडले असते. इथं एकच पडलेला, पाणीही कमी होत नव्हतं. खात्रीसाठी तिसरा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात त्या जागी वर आणून, गाडी गिअरमध्ये टाकून, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर हवा सरळ तळव्यावर येत होती. म्हणजे धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त छळलं ती सांगतो. गेजच्या होजच्या टोकाला एक बारीक व्हॉल्व्ह पिन असते, तीच दाब धरून ठेवते. काही महिन्यांत ती गळायला लागली, काटा चढून लगेच खाली. दुकानात नेला तर त्यांनी टायरची पिन बसवून दिली. दिसायला डिट्टो तीच! पण टायरच्या पिनेची स्प्रिंग कडक. ती उघडायलाच दाब खर्च होतो, आणि चारही आकडे एकदम पंचवीस-तीसनं पडले. मेहुण्याच्या नव्याकोऱ्या गाडीवर लावला, तिथंही तेवढेच कमी! असल्या गेजवर कुणाचं चांगलं इंजिन खोललं जाईल. गेजची खास मऊ स्प्रिंगची पिन वेगळी मागवली, तेव्हा आकडे जागेवर आले. कंपनीनं डब्यात एक जादा पिन टाकायला काय हरकत होती? चार अडॅप्टर देतात, त्यातले तीन माझ्या कधीच कामाचे नाहीत.

गाडीचं पुढं असं झालं. सीएनजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये, म्हणजे तो मिटताना टेकतो त्या कड्यात, रुततो आणि टॅपेटचा, म्हणजे त्याला दाबून उघडणाऱ्या भागाशी ठेवलेला, गॅप संपतो. गरम झाला की व्हॉल्व्ह लांबतो आणि पूर्ण मिटत नाही. म्हणून गार गाडी ठीक, गरम झाली की थरथर. आमच्या गाडीत स्क्रूचे टॅपेट आहेत. दुसऱ्या मिस्त्रींनी फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पाती, लावली, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पातंसुद्धा शिरेना. गॅप सेट केला, खर्च काही शेकड्यांत, आणि आकडा आला 150. त्या दिवशी मी हा गेज भेटेल त्याला घ्यायला सांगत होतो.

परवा पुन्हा मोजलं, तिसरा 135. अजून पाऊणपटीच्या वर आहे, घाटातही ओढते. पण सीट झिजतच चालली आहे, नुसत्या टॅपेटवर ती थांबणार नाही. दिवाळीनंतर हेड उतरवून उद्यमनगरला नवीन सीट बसवायला टाकणार. बोअर, रिंगा, पिस्टन यांना हात लावू देणार नाही. चारही आकड्यांची वही बरोबर नेणार आहे.

गेजला पाचपैकी चार. घेताना आपल्या प्लगचे आटे बघा, 14 एमएम आहेत की 12, आणि मऊ पिना त्याच ऑर्डरमध्ये मागवा.