न्यूयॉर्कचं नळाचं पाणी: साडेचार तारे

आई साताऱ्याहून आली ती बॅगेत गोड्या मसाल्याच्या पुड्या आणि धुतलेल्या पंचाचा एक तुकडा घेऊन. नळाला बांधायला. क्वीन्समधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या ओट्याशी उभी राहून तिने पहिला प्रश्न टाकला, "फिल्टर कुठाय गं तुमचा?"

म्हटलं, "आपल्या घरी अ‍ॅक्वागार्डमध्ये दिवा लागतो ना, तसलाच आहे. फक्त अख्ख्या शहराला मिळून लावलाय."

तिला थाप वाटली. पण खरंच आहे. कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतलं पाणी शहरात शिरायच्या आधी वेस्टचेस्टरमधल्या केंद्रात अतिनील दिव्यांपुढून जातं. 2013 पासून. 56 युनिटं, एकेकात 210 दिवे. दिवसाला 2 अब्ज गॅलन, म्हणजे साडेसातशे कोटी लिटर पाणी झेपेल एवढी ताकद. शहराला रोज लागतं त्याच्या जवळपास दुप्पट. क्लोरीन असताना हा खटाटोप कशाला? तर क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनला जुमानत नाही. 1993 साली मिलवॉकीत त्याने 4 लाखांच्या आसपास लोकांची पोटं बिघडवली होती. अतिनील किरण त्याच्या डीएनएची अशी वाट लावतात, की पोटात गेला तरी त्याची पिलावळ वाढत नाही. दिव्याचा असर मात्र दिव्यापुरताच. पुढे मैलोन्‌मैल पाइप, म्हणून क्लोरीन आहेच. वास नको असेल तर पाणी रात्रभर जगमध्ये ठेवायचं.

गंमत म्हणजे डोंगरातलं हे पाणी गाळलेलं नसतं. त्यात कधीकधी कोपेपॉड नावाचे जेमतेम दिसणारे जीव असतात. अपाय काही नाही, पण 2004 मध्ये इथल्या सनातनी ज्यूंमध्ये हे पाणी चालतं का यावर मोठा वाद झाला होता. म्हणजे आईचा पंचा अगदीच अडाणीपणा नव्हता. हे मी तिला सांगितलेलं नाही, नाहीतर वर्षभर ऐकावं लागेल.

तिने पाणी पास केलं ते डाळीवरून. पाणी हलकं आहे, तूर तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी. साताऱ्याला बोअरच्या पाण्यात सोडा घालूनही दाणा दाण्याला ओळख देत नाही.

अर्धा तारा कापलाय तो शहराचा नव्हे, आमच्या इमारतीचा. मार्चमध्ये प्लंबर येऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी नळातून कोऱ्या चहासारखं पाणी. घरमालकाचं उत्तर, "थोडा वेळ सोडून ठेवा." जुन्या पाइपातलं शिसं हा तर वेगळाच घोर, त्याला दिवा काय करणार? शहर तपासणीचं किट फुकट देतं, 311 ला फोन केला की घरी येतं. आमचंही आलंय. पण बाटली भरायची ती रात्रभर नळ बंद ठेवून, सकाळच्या पहिल्या धारेची. आई साडेतीनला उठून चहाचं आधण ठेवते, त्यामुळे किट अजून फ्रिजवर तसंच पडून आहे.