ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर की रॅम : गेमिंग आणि लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी आधी काय बदलावे?

ठाण्यातील कासारवडवलीचा माझा शेजारी आणि नवी मुंबईत घणसोलीला राहणारी माझी भाची, या दोघांनी एकाच महिन्यात मला एकच प्रश्न विचारला : तीस हजार रुपयांत संगणकाचा कोणता भाग बदलला, तर खेळ नीट चालेल आणि लाइव्हही अडखळणार नाही? दोघांकडे रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि १६ जीबी रॅम आहे. मात्र शेजाऱ्याकडे २०१९ चे मूळ जीटीएक्स १६५० कार्ड आणि ६० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा मॉनिटर असून तो मोठ्या कथानकाचे, दृश्यांनी भरलेले खेळ खेळतो. भाचीकडे जीटीएक्स १६६० सुपर आणि १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर असून ती प्रामुख्याने व्हॅलोरंट हा वेगवान नेमबाजीचा खेळ खेळते. एवढ्या फरकामुळे दोघांना मी वेगवेगळी उत्तरे दिली.

काहीही विकत घेण्यापूर्वी ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमधील स्टॅट्सची खिडकी उघडून तासभर नेहमीसारखे स्ट्रीमिंग करावे, असा माझा आग्रह असतो. तिथे तीन प्रकारच्या हुकलेल्या फ्रेम, म्हणजे व्हिडिओतील सुटी चित्रे, वेगवेगळ्या मोजल्या जातात. रेंडरिंगमुळे, म्हणजे चित्र तयार करतानाच, फ्रेम हुकत असतील, तर खेळाने ग्राफिक्स कार्ड पूर्ण व्यापले आहे आणि ओबीएसला दृश्य जुळवायला जागा उरलेली नाही, असे समजावे. एन्कोडिंगमुळे हुकत असतील, तर व्हिडिओ आवळणारा एन्कोडर, मग तो प्रोसेसरवर चालणारा असो वा कार्डातला, मागे पडतो आहे. तिसरा आकडा नेटवर्कचा आहे. तो वाढत असेल, तर कोणताही महागडा भाग बसवून उपयोग नाही. वायफाय सोडून राउटरपासून लॅनची केबल ओढावी. ट्विच या स्ट्रीमिंगच्या संकेतस्थळासाठी रूढ असलेल्या ६००० केबीपीएस बिटरेटला (दर सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या डेटाचे प्रमाण) तासाला सुमारे २.७ जीबी डेटा अपलोड होतो. तो वेग सलग टिकणे महत्त्वाचे असते, क्षणभर दिसणारा मोठा आकडा नव्हे.

भाचीचा एन्कोडिंगचा आकडा वाढत होता, कारण ‘दर्जा चांगला येतो’ या ऐकीव सल्ल्यावरून तिने ओबीएसमध्ये एक्स२६४ निवडले होते. हा एन्कोडर प्रोसेसरवर चालतो. व्हॅलोरंटसारखा खेळ आधीच प्रोसेसरवर अवलंबून असल्याने प्रोसेसरच्या त्याच सहा कोरांकडून (काम करणाऱ्या भागांकडून) दोन कामे एकाच वेळी करून घेतली जात होती. १६६० सुपरमध्ये एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीचा एनव्हेंक, म्हणजे व्हिडिओ आवळण्यासाठीच राखलेला स्वतंत्र सर्किटचा भाग, आहे. ओबीएसमध्ये तो निवडताच एन्कोडिंगच्या हुकलेल्या फ्रेम थांबल्या आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. ज्यांच्याकडे इंटेलचा प्रोसेसर आहे त्यांना क्विक सिंक हा असाच पर्याय मिळतो. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स बंद असल्याने तो मिळत नाही. खरेदीच्या वेळी वाचवलेले थोडे पैसे इथे असे आडवे येतात.

एन्कोडिंगचा भार उतरल्यावरही चकमकीच्या क्षणी तिचे एफपीएस (दर सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम) कोसळत होते, आणि तेव्हा कार्ड पूर्ण क्षमतेने वापरलेही जात नव्हते. अशा वेळी नवे कार्ड घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. तिच्यासाठी प्रोसेसर हाच पर्याय योग्य होता, आणि बी४५० बोर्डाचे एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची खाच, तिच्या मदतीला आले : बायोस (बोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले की त्याच बोर्डवर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. कोर तितकेच, सहाच. पण ३६०० मधील ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली वेगवान स्मृती) १६-१६ एमबीच्या दोन तुकड्यांत विभागलेली आहे, तर ५६०० मध्ये ती सलग असल्याने प्रत्येक कोरला सगळी वापरता येते. हा बदल कागदावर किरकोळ वाटतो, खेळात मात्र तो चांगला जाणवतो. रायझन ७ ५७००एक्स३डी मध्ये आठ कोर आणि ९६ एमबी एल३ कॅश आहे, त्यामुळे निव्वळ खेळासाठी तो निश्चितच वरचढ आहे. परंतु त्याच्यासोबत कूलर येत नाही आणि नवा, पक्क्या बिलाचा नग शोधावा लागतो. माझे मत असे की, तो रास्त किमतीत मिळाला तर घ्यावा, अन्यथा ५६०० घेऊन उरलेल्या रकमेत चांगला मायक्रोफोन घ्यावा. प्रेक्षक थोडे धूसर चित्र सहन करतात, खरखरणारा आवाज नाही.

शेजाऱ्याची गोष्ट वेगळी होती. त्याच्याकडे रेंडरिंगचा आकडा वाढत होता आणि कार्ड सतत पूर्ण व्यापलेले होते. एफपीएसवर ६० ची मर्यादा घालून आणि ओबीएस ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने सुरू करून थोडा फरक पडला, पण ४ जीबी व्हिडिओ मेमरीचे दुखणे सेटिंगने बरे होणारे नव्हते. शिवाय मूळ १६५० मधील एन्कोडर त्याच्या भावंडांप्रमाणे ट्युरिंगचा नसून आधीच्या व्होल्टा पिढीचा आहे. नवे कार्ड घेतल्यास खेळ आणि स्ट्रीम, दोन्ही एकदम सुधारतात. म्हणून त्याच्यासाठी ग्राफिक्स कार्ड.

कोणते, यावर आम्ही बराच वेळ घालवला. आरटीएक्स ४०६० केवळ ११५ वॅट घेते, आणि त्यात एव्ही१ या नव्या व्हिडिओ पद्धतीचा एन्कोडर आहे, जो यूट्यूबवर कमी बिटरेटमध्ये स्वच्छ चित्र देतो. पण त्यात ८ जीबीच मेमरी आहे आणि ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, आठच लेन वापरते. बी४५० बोर्ड पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीचा असल्याने मेमरी भरून वाहू लागली की त्याचा फटका अधिक बसतो. आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीची आवृत्ती १७० वॅट घेते आणि तिच्यात एव्ही१ एन्कोडर नाही, पण मेमरी ऐसपैस आहे आणि लेन पूर्ण सोळा आहेत. एएमडीचे आरएक्स ६६०० खेळासाठी पैसे वसूल करणारे कार्ड आहे. मात्र कमी बिटरेटच्या एच.२६४ (जुनी, रूढ व्हिडिओ पद्धत) स्ट्रीमला त्याचा एन्कोडर एनव्हेंकच्या मागे राहतो, म्हणून स्ट्रीमरला मी ते सुचवत नाही. शेजारी यूट्यूबवरच लाइव्ह जातो आणि टेक्श्चर ‘अल्ट्रा’वर ठेवण्याचा त्याचा हट्ट नाही, त्यामुळे आम्ही ४०६० ठरवले.

इथे एक खर्च बहुतेक जण विसरतात. १६५० सहसा बोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॅट घेऊन चालते, त्यामुळे शेजाऱ्याच्या स्वस्त एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आठ पिनांची पीसीआयई केबलच नव्हती. ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, आणि तो नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा तर ते पैसे कार्डाच्या बजेटमधूनच काढावे लागतात. घोडबंदर रस्त्यावरील मेट्रोच्या कामाची धूळ ज्यांच्या खिडकीतून येते त्यांनी कॅबिनेटची जाळीही आधी उघडून पाहावी. मे महिन्यात गुदमरलेले कार्ड स्वतःहून वेग कमी करते, आणि मालक मात्र नव्या कार्डाच्या किमती पाहत बसतो.

रॅमबद्दल थोडक्यात. १६ जीबी पुरते, पण दोन स्टिकमध्ये. शेजाऱ्याची १६ जीबीची एकच स्टिक होती, म्हणजे डीडीआर४-३२०० ची दोन चॅनेलवर मिळणारी ५१.२ जीबी प्रतिसेकंदाची क्षमता निम्म्यावर आलेली. मेमरीच्या किमती २०२५ च्या अखेरीपासून बऱ्याच चढल्या आहेत, त्यामुळे त्याच वेगाची दुसरी स्टिक मी त्याला थांबून घ्यायला सांगितली. तोवर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे ना, एवढे तपासले. एसएसडीने खेळ लवकर उघडतो, एफपीएस वाढत नाहीत.

खरेदीसाठी दोघेही मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात गेले. भाची हार्बरने सँडहर्स्ट रोडपर्यंत गेली, शेजारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरला. दोघांनीही जीएसटीचे पक्के बिल घेतले आणि त्यावर भागाचा सीरियल क्रमांक दुकानातच लिहून घेतला.