साठ विद्यार्थी, प्रत्येकी दहा मिनिटे: भेटींच्या वेळा कशा ठरवाव्यात?

साधन निवडण्याआधी हिशेब करा. ६० विद्यार्थी आणि प्रत्येकी १० मिनिटे म्हणजे १० तास. पण दोन भेटींमध्ये टिपण लिहायला आणि पुढच्याची वही किंवा फाइल उघडायला किमान २ मिनिटे जातातच. ती धरली नाहीत, तर तासाभरातच वेळापत्रक १० मिनिटे मागे पडते आणि दाराबाहेर गर्दी होते. म्हणून १२ मिनिटांची एक पाळी धरा: तासाला ५ भेटी, एकूण १२ तास. दर पाच भेटींनंतर एक पाळी मोकळी ठेवली तर साडेचौदा तासांच्या आसपास जाते. एवढा वेळ नसेल तर भेट ८ मिनिटांची करा, पण मधली २ मिनिटे कापू नका.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: भेट सगळ्यांना सक्तीची आहे की ज्याला हवी त्याला? ऐच्छिक भेटीत 'कोणी वेळ घेतली' एवढे कळले की पुरते. सक्तीच्या भेटीत 'कोणी अजून घेतलेली नाही' हे रोज कळायला हवे, आणि बहुतेक साधने नेमकी तिथे कमी पडतात.

दारावरचा कागद

एकाच वर्गाला रोज प्रत्यक्ष भेटत असाल तर कागद वाईट नाही. वेळा छापा, नाव लिहायला एकच रकाना ठेवा आणि लावल्यापासून रोज संध्याकाळी फोटो काढा, म्हणजे खाडाखोड झाली तरी मूळ नोंद हाती राहते. अडचण अशी की त्या दिवशी गैरहजर असलेल्यांच्या वाट्याला उरलेल्या, गैरसोयीच्या वेळा येतात.

सामायिक शीट

गूगल शीट्ससारखी शीट तयार व्हायला दहा मिनिटे पुरतात, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. गोंधळ होतो तो लिंकवर सगळ्यांना संपादनाचा हक्क दिल्यामुळे. मग कोणीही दुसऱ्याचे नाव पुसू शकतो, वेळेचा रकाना चुकून बदलू शकतो किंवा फक्त नावांचा रकाना क्रमाने लावून सगळ्यांच्या वेळा विस्कटू शकतो. दोन जणांनी एकाच क्षणी एकाच चौकटीत लिहिले तर नंतरचे नाव टिकते आणि पहिल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

उपाय आहेत. नावाचा रकाना सोडून बाकी शीट संरक्षित करा. एकच नाव दोनदा आले की चौकट लाल होईल असा नियम लावा. भेटीचे कारण लिहायला रकाना देऊ नका. गुणांची किंवा घरची अडचण सगळ्या वर्गासमोर उघडी पडते. वाद झालाच तर आवृत्ती इतिहासात कोणी काय बदलले ते दिसते, पण विद्यार्थी खात्यातून लॉगिन करून लिहीत असतील तरच.

सक्तीच्या भेटींसाठी शीट उलटी मांडा: डावीकडे हजेरीपटाप्रमाणे सगळी नावे, शेजारी वेळ. रिकामी चौकट म्हणजे वेळ न घेतलेला विद्यार्थी. एवढ्या बदलाने शीट महागड्या साधनांच्या बरोबरीला येते.

फॉर्म

गूगल फॉर्म्समध्ये भरलेली वेळ यादीतून आपोआप गळत नाही. त्यासाठी वेगळे अॅड-ऑन किंवा स्क्रिप्ट लागते. नाहीतर एकाच वेळेला चार जण नाव देतात. वेळ देण्यासाठी फॉर्म वापरू नका. 'सोयीच्या तीन वेळा पसंतीक्रमाने सांगा' हे विचारायला मात्र तो उत्तम.

कॅलेंडरचे बुकिंग पान

गूगल कॅलेंडर, कॅलेंडली, मायक्रोसॉफ्ट बुकिंग्ज यांचा गाभा सारखाच: तुम्ही मोकळे तास सांगता, विद्यार्थी लिंकवर वेळ निवडतो, ती वेळ लगेच यादीतून जाते आणि दोघांच्या ईमेलवर नोंद येते. एकाच वेळेला दोन नावे हा प्रश्न इथे मिटतो. सुरू करताना तीन गोष्टी ठरवाच: भेटींमधले अंतर, दिवसाला जास्तीत जास्त भेटी आणि किमान पूर्वसूचना. शेवटची १२ तासांची ठेवली तर रात्री उशिरा कोणी सकाळी आठची वेळ घेऊ शकत नाही.

दोन उणिवा राहतात. तोच विद्यार्थी दोन-तीन वेळा अडवून ठेवू शकतो आणि ते तुम्हाला स्वतः शोधावे लागते. वेळ न घेतलेल्यांची यादीही मिळत नाही, कारण पानाला तुमचा हजेरीपट माहीतच नसतो. मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली) वापरत असाल तर त्याचे शेड्यूलर प्लगइन या दोन्ही बाबतींत सरस आहे: एका विद्यार्थ्याला एकच भेट अशी मर्यादा घालता येते आणि वेळ न घेतलेल्यांची यादी समोर दिसते. ते मूळ मूडलमध्ये नसते, प्रशासकाकडून बसवून घ्यावे लागते.

मग काय निवडावे?

ऐच्छिक भेटींना बुकिंग पान घ्या. सक्तीच्या असतील आणि शेड्यूलर नसेल, तर वेळा तुम्हीच वाटा. फॉर्मवर पसंती मागवा, हजेरीपटाच्या शीटमध्ये वेळा भरा आणि विद्यार्थ्यांना ती फक्त पाहता येईल अशी ठेवा. पसंती न कळवणाऱ्यालाही यात वेळ मिळतेच, आणि अशांनाच बहुधा भेटीची सर्वाधिक गरज असते. अदलाबदल करायची असेल तर दोघांनी मिळून आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावे. चुकलेल्या भेटी दर पाच भेटींनंतर ठेवलेल्या मोकळ्या पाळ्यांत बसवा. त्या पाळ्या यादीत आधीपासून दाखवू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी भरतात.